थोरली फणी

माझ्या ओटीवरच्या खुंटीला बांबूच्या चार नळ्या एका ओळीत बांधून टांगलेल्या आहेत. दिवेआगरला आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी तिकडे बोट दाखवून विचारतंच, ‘‘काकू, हे काय आहे?’’ मी सांगते, फणी. त्यावर ते हसतात, कारण दिसते ती खरोखरच फणीसारखी, उतरत्या दातांची. मग मला सांगावं लागतं की ही केस विंचरायची नाही, वाजवायची. त्यावर ‘‘वाजवून दाखवा ना’’ होतं, आणि मी चहाचं आधण ठेवायला आत निघून जाते.

पाहुण्यांना वाटतं काकू लाजल्या. लाजायला मी काय नवी नवरी आहे? साठी उलटली माझी. ती फणी वाजली तरी मला ऐकू येत नाही, हे परक्या माणसांना कशाला सांगत बसू?

माझं माहेर म्हसळ्याच्याही आत, डोंगराच्या पायथ्याशी. भातशेतीचं गाव. तिथे आमच्या घरात वडील आणि काका ही फणी करायचे. दुसऱ्या गावांत कुणी करतं का, मला ठाऊक नाही. आमच्याकडे आजोबांपासून होती, आणि आजोबा म्हणायचे त्यांच्या आजोबांपासून, म्हणजे खरं काय ते कुणालाच माहीत नाही. पातळ सालीचा बांबू घ्यायचा आणि पेराच्या खाली कापायचा, की नळीचं बूड आपोआप बंद राहतं. वरचं तोंड उघडं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर आवाज निघतो ना, तसाच हिच्यातून निघतो. लांब नळीचा जाडा, आखूड नळीचा बारीक. सूर थोडा खाली राहिला तर नळीत तांदळाचे दाणे सोडायचे आणि वरून मेण ओतायचं. तांदूळ मात्र जुना लागतो. काकांनी एकदा घाईत नवा घातला, तो पावसाळ्यात फुगला आणि अख्खी फणी तडकली. त्यावरून आई त्यांना जन्मभर चिडवत होती. भात शिजवायचा तर पातेलं घ्या म्हणायची.

फणी कधी एकटी नसते, तिची जोडी असते. लांब नळ्यांची ती थोरली, आखूड नळ्यांची ती धाकटी. चालीतले जाडे सूर थोरलीत आणि बारीक सूर धाकटीत. एकट्याने वाजवली तर अर्धीच चाल वाजते. गुरं राखायला दोघं जायचे, एक या टेकाडावर, दुसरा पलीकडच्या. एकाने दोन सूर टाकायचे, समोरच्याने पुढचे दोन. चाल पुरी झाली म्हणजे पलीकडचा जागा आहे आणि गुरं त्याच्या नजरेत आहेत. दुपारी एखाद्याचा डोळा लागला की चालीत खळगा पडायचा आणि संध्याकाळी घरी त्याला बोलणी बसायची.

आमच्या पिढीत गुरं राखायला मी आणि माझा भाऊ. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. थोरली थोरल्याची, धाकटी धाकट्याची, म्हणून थोरली माझ्याकडे आली. ‘‘पोरीच्या हातात काय देतोस ती?’’ असं गावातल्या बायकांनी वडिलांना विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘हात कुठे लागतो तिला? दम लागतो, आणि तो हिला माझ्यापेक्षा जास्त हाय.’’ ते खरं होतं. भांडताना तर विशेषच.

धाकटीचं एक वेगळं काम होतं. तिचा बारीक आवाज लांबवर जायचा. तिच्या सगळ्यात आखूड नळीवर पटापट तीनदा फुंकलं की त्याचा अर्थ ‘परत ये’. भाऊ भित्रा. साप दिसला की फुंकायचा, भूक लागली की फुंकायचा, आणि कधी कधी काहीच झालेलं नसायचं, नुसतं एकटं वाटायचं म्हणून फुंकायचा. मी शिव्या घालत टेकाड उतरून त्याच्याकडे जायची. न जाता राहिले असं मात्र कधी झालं नाही.

आता एक रीत सांगते. ती नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रडगाणं तिच्यावरच उभं आहे.

भातकापणी उरकली की नवी जोडी व्हायची. ती झाली की वडील थोरली दोन्ही हातांवर घेऊन काकांपुढे धरायचे आणि म्हणायचे, ‘‘घे, तुझीच हाय.’’ काकांनी ती घ्यायची, कपाळाला लावायची आणि परत द्यायची. ‘‘तुझी तुला, माझी मला.’’ मग वडील धाकटी त्यांच्या हातात देत. द्यायची म्हणून दिली आणि परत करायची म्हणून केली, पण त्यात दोघांचाही मान राहायचा. एका वर्षी काकांना हुक्की आली. थोरली घेतली, कपाळाला लावली आणि परत न करता सरळ वाजवायलाच लागले. वडिलांचं तोंड असं उतरलं की आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. काकांनी अर्धी चाल वाजवली, डोळा मारला आणि फणी परत केली. नंतर कित्येक वर्षं ही गोष्ट आमच्याकडे लग्नाकार्यात सांगितली जायची.

आमच्याकडे देणं-घेणं असंच. चहा घेता का विचारलं की आधी नको म्हणायचं. विचारणाऱ्याने ते नको ऐकायचं आणि दूध चुलीवर ठेवायचं. मी होमस्टे सुरू केला तेव्हा मुंबईची माणसं ‘‘नको काकू’’ म्हणायची आणि मी ताटात आणखी एक उकडीचा मोदक टाकायची. त्यांना खरंच नको असायचा. कितीतरी मोदक वाया गेल्यावर मला कळलं की जगात दोन जातींची माणसं असतात, एक नको म्हणजे होय म्हणणारी आणि दुसरी नको म्हणजे नको म्हणणारी. समोर कुठल्या जातीचं माणूस आहे ते मी पुढे पहिल्या जेवणातच ओळखायला शिकले. घरच्या माणसाला ओळखायला मात्र चुकले.

वडिलांनी आम्हा भावंडांसाठी केलेली शेवटची जोडी लग्नानंतर माझ्याकडेच राहिली होती. भाऊ शिकून नवी मुंबईकडच्या कंपनीत लागला, पाळ्या करायला लागला, त्याला फणी कुठली आठवते? गणपतीत आला की माझ्या ओटीवर बसून एखादी चाल व्हायची तेवढीच. मग ते वादळ आलं. छपराचे पत्रे उडाले, वाडीतल्या पोफळी एकीवर एक आडव्या पडल्या. फणी शोधायचं कुणाला सुचणार? पुढे चिखल उपसताना थोरलीची एक नळी सापडली, उभी चिरलेली. मी ती धुऊन देवघरात ठेवली.

कान त्याच सुमाराला गेले असावेत. कान काही सांगून जात नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या आणि डाळीचा लगदा व्हायला लागला. मग मोबाइल वाजलेला कळेना. डास चावायचा तेव्हाच समजायचा, आधी गुणगुण नाही की काही नाही. मुंबईत राहणाऱ्या मुलाला ‘साडी घ्यायला येते’ म्हणून सांगितलं, मांडव्याहून बोट पकडली आणि मुंबईला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर तरुण मुलगी होती, गोड बोलली. तिने कागदावरची एक रेघ दाखवली. डावीकडे सपाट, मग उजवीकडे घसरत जाणारी. ‘‘जाडे आवाज अजून चांगले ऐकू येतायत,’’ ती म्हणाली, ‘‘ते बरीच वर्षं राहतील. बारीक आवाज मात्र गेले आजी.’’ आजी म्हणाली ते मला कानांपेक्षा जास्त लागलं. परतीच्या बोटीत इंजिन धडधडत होतं आणि ते मला अगदी लख्ख ऐकू येत होतं. मी वेड्यासारखी त्या इंजिनाजवळ जाऊन बसले.

कानाचं यंत्र घेतलं. ते कपाटात आहे. बोलणं कळतं त्याने, नाही असं नाही, पण ताटं-वाट्या डोक्यात आपटतात. आणि पाहुण्यांसमोर ते लावून हिंडायचं मला जमत नाही. मुलाला तर सांगितलंच नाही. त्याला कळलं असतं तर त्याच आठवड्यात होमस्टेला कुलूप लागलं असतं आणि मी त्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसले असते. भावाच्या पोटात काही राहत नाही. त्याला सकाळी सांगितलं की मुलाला संध्याकाळी कळलंच म्हणून समजा. म्हणून त्यालाही नाही सांगितलं.

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त झाला आणि बायकोला घेऊन गावच्या घरी राहायला आला. कापणीनंतर त्याचा फोन आला. काका अजून फणी करतात, आपल्या दोघांसाठी एक जोडी घेऊ या, तू निवडायला ये. फोनवर त्याचं बोलणं मला अर्धंमुर्धंच कळलं, पण एवढं पुरेसं होतं. मी त्या रात्री हिशेब मांडला. थोरली म्हणजे जाडे सूर. जाडे सूर मला ऐकू येतात आणि अजून बरीच वर्षं येणार आहेत. म्हणजे जगातल्या सगळ्या वाद्यांतलं एकच वाद्य माझ्यासाठी शिल्लक होतं आणि नशिबाने ते जन्मतःच माझ्या वाट्याचं होतं. इतका आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

काकांनी अंगणात गोणपाट पसरून पाच-सहा जोड्या मांडल्या होत्या. काका आता पुरते वाकलेत, पण हात स्थिर आहे. फणी निवडायची म्हणजे आधी नळ्यांच्या कडेवरून ओठ फिरवायचा, कुसळ लागलं तर ती बाजूला. मग उन्हात धरून चीर आहे का बघायची. आणि मग फुंकायचं नाही, नुसता श्वास सोडायचा. चांगली नळी तेवढ्यावरही हूं म्हणते. जोडी थोरल्याने निवडायची, म्हणून भाऊ मांडी घालून गप्प बसला होता.

धाकट्या मी नुसत्या दाखवण्यापुरत्या वाजवल्या. ओठाला लावायची, काकांच्या तोंडाकडे बघायचं, त्यांची मान हलली की आपणही हलवायची. थोरल्या मात्र एकेक करून जीव ओतून वाजवल्या. शेवटच्या जोडीची थोरली हातभर लांब होती. तिच्या पहिल्या नळीवर श्वास सोडला आणि तो आवाज माझ्या जबड्याच्या हाडात शिरला. कित्येक महिन्यांनी एखादा आवाज मला पुरा ऐकू आला होता, कडेपासून कडेपर्यंत. माझे डोळे भरून आले. मी पदराने ओठ पुसायचं निमित्त केलं.

काका म्हणाले, ‘‘बाय, ही लय वारा खाते. दम पुरंल का तुला?’’

‘‘पुरेल,’’ मी म्हटलं. ‘‘हीच हवी.’’

मग मी ती दोन्ही हातांवर घेतली आणि भावापुढे धरली. ‘‘घे, तुझीच हाय.’’

भावाने ती घेतली. कपाळाला लावली. माझा हात परत घ्यायला अर्धा पुढे झाला होता.

‘‘खरंच ताई?’’ तो म्हणाला. ‘‘तुला सांगू, लहानपणापासून मला हीच हवी होती. तुला कधी बोललो नाही.’’ आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. मला क्षणभर वाटलं, काकांसारखी हुक्की आली असेल. आता डोळा मारेल, आता परत करेल. पण तो डोळे मिटून वाजवत होता. इतकी वर्षं कंपनीत काढली त्याने. तिथे कुणी घे म्हटलं की घ्यायचं असतं. तो केव्हाच ‘नको म्हणजे नको आणि घे म्हणजे घे’ या जातीत गेला होता, आणि मी आपली त्याच्या ताटात मोदक टाकून परत यायची वाट बघत बसले होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. अरे, रीत विसरलास का, एवढं हसत म्हटलं असतं तरी त्याने जीभ चावून परत केली असती. पण त्याचा तो चेहरा बघितला आणि मी उरलेल्या जोड्या गोणपाटावर नीट लावत बसले. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. आईचं मी कधी ऐकलं होतं?

काकांनी धाकटी माझ्या हातात दिली. निघताना ते काठी टेकत कुंपणाच्या बेड्यापर्यंत आले. ‘‘तू बोलली का न्हाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय बोलू? दिली ती दिली.’’

‘‘द्यायाची व्हती का पण?’’

मला त्यांचा राग आला. एवढं कळत होतं तर तिथेच का नाही बोलले? पण थोरल्याने दिलेल्यात मधे पडू नये, ही पण रीतच. सगळं अंगण रीती पाळणाऱ्यांनी भरलेलं होतं आणि जो पाळत नव्हता तोच खूश होता.

त्यानंतर भाऊ अधूनमधून रविवारी थोरली घेऊन माझ्याकडे यायला लागला. आम्ही ओटीवर समोरासमोर बसायचो. त्याचे दोन सूर मला ऐकू यायचे, मग माझी पाळी. मी फुंकायची आणि काहीच यायचं नाही. ओठावर वारा लागायचा तेवढाच. मग पुन्हा त्याचे दोन. मधल्या पायऱ्या निखळलेल्या शिडीसारखी ती चाल माझ्या कानांत उभी राहायची. माझे सूर मी आठवणीने भरायची. कधी कधी माझी नळी वाजली तरी की नाही, हेही कळायचं नाही. त्यासाठी मी आमच्या कुत्र्याकडे बघायला शिकले. त्याने कान टवकारले की समजायचं, वाजली. भाऊ म्हणायचा, ‘‘ताई, तू अजून एकही सूर चुकत नाहीस.’’ मी म्हणायची, ‘‘चुकते कशाला?’’

एकदा तो नसताना कानाचं यंत्र लावून धाकटी वाजवून पाहिली. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं काहीतरी कानात शिरलं. मी यंत्र काढून परत कपाटात टाकलं आणि खूप वेळ तिथेच पलंगावर बसून रडले.

या मार्चमध्ये भाऊ रविवार नसताना आला. दुपारी, मोटरसायकलवरून, घामाघूम होऊन. थोरली टॉवेलात गुंडाळून आणली होती. भावजय काकांकडे भाजी द्यायला गेली होती, तिथे काकांनी तिला ती जुनी डोळा मारण्याची गोष्ट सांगितली होती. तिने घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. ‘‘तुम्हाला एवढंही कळत नाही?’’

तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने टॉवेल सोडला. ‘‘ताई, चुकलंच माझं. शहरात राहून सगळं विसरलो बघ. तू काही बोलली पण नाहीस.’’ मग थोरली दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरली आणि अगदी वडिलांसारखं म्हणाला, ‘‘घे, तुझीच हाय.’’

मी ती हातात घेतली. किती जड वाटली. कपाळाला लावली. आणि माझं तोंड, हे माझं मेलं तोंड, मला न विचारता म्हणालं, ‘‘तुझी तुला, माझी मला.’’

माझे हात पुढे झाले होते. थोरली त्याच्या हातात गेली होती.

आता तो म्हणेल, असं कसं ताई. आता तो म्हणेल, नाही, तुलाच घ्यावी लागेल. आमच्या जातीचा माणूस असता तर तीनदा आग्रह केला असता, शेवटी रागावून फणी माझ्या ओटीवर ठेवून गेला असता. पण भावाच्या तोंडावर जे हसू उमललं ते लहानपणी टेकाडावर मला येताना बघून उमलायचं तसंच होतं. ‘‘मला वाटलंच होतं तू नाही घेणार,’’ तो म्हणाला. ‘‘हिला किती सांगितलं, ताईचं मन तसं नाही.’’ मी त्याला कोकम सरबत दिलं. त्याने टॉवेल नीट गुंडाळला. वाडीतल्या नव्या पोफळी किती वाढल्या ते बघितलं. हेल्मेट घातलं आणि निघाला.

मी पायरीवर उभी होते. मोटरसायकल फाटकातून बाहेर पडली, कुत्रा तिच्या मागे पळत गेला. तेव्हा कुठे मला वाचा फुटल्यासारखं झालं, पण हाक मारून आता काय उपयोग. मी खुंटीवरची धाकटी काढली, अनवाणीच फाटकापाशी गेले आणि तिच्या सगळ्यात आखूड नळीवर पटापट तीनदा फुंकलं. ओठावर वारा लागला. मग पुन्हा तीनदा फुंकलं.

पुढे पळणारा कुत्रा थांबला. त्याने कान टवकारले, वळला आणि धावत येऊन माझ्या पायाशी बसला. म्हणजे वाजली होती. मोटरसायकलचा जाडा आवाज मला वळणापर्यंत नीट ऐकू येत होता. तो कुठेही थांबला नाही.